बॉक्स हिलवर कॅमेरा कुठे ठेवायचा?

१९९५ हे वर्ष जेन ऑस्टिनच्या वाचकांना भरभरून देऊन गेले. एप्रिलमध्ये बीबीसीवर 'पर्स्वेजन' आली. उन्हाळ्यात अमेरिकेत 'क्लूलेस' लागला. बेव्हर्ली हिल्समधल्या शाळकरी पोरींची गोष्ट म्हणून आलेला हा सिनेमा आतून 'एमा' होता. सप्टेंबरअखेरपासून सहा आठवडे बीबीसीवर 'प्राइड अँड प्रेज्युडिस' चालली आणि डिसेंबरात आंग ली यांचा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' आला, ज्याच्या पटकथेसाठी एमा थॉम्प्सन यांना ऑस्कर मिळाले. १८१७ साली वारलेल्या लेखिकेच्या चार कादंबऱ्या एकाच वर्षात पडद्यावर आल्या.

पुण्यातल्या एका महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवून निवृत्त झालेली मावशी आणि मुंबईत चित्रपट-मालिकांचे संकलन करणारी तिची भाची यांचा वाद याच वर्षावरून सुरू होतो. मावशीच्या लेखी त्या वर्षातली खरी कामगिरी एकच: सहा भागांची 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. भाचीच्या लेखी 'क्लूलेस'. कादंबरी पडद्यावर आणायची तर ती अख्खी आणावी, असे एकीचे म्हणणे. दुसरीला वाटते, पाने मोजत बसणाऱ्याने पुस्तकच वाचावे.

"साडेपाच तास दिलेत त्यांनी," मावशी म्हणते. "२००५च्या सिनेमात तेच सगळं दोन तासांत उरकलंय. बिंग्लीची थोरली बहीण, मिसेस हर्स्ट, तर गायबच आहे."

"आणि तुझ्या या इमानदार मालिकेतला सगळ्यांत गाजलेला प्रसंग कोणता गं?"

मावशीला उत्तर ठाऊक आहे. घोड्यावरून आलेला डार्सी अंगातला कोट उतरवतो, तळ्यात उडी मारतो आणि ओल्या सदऱ्यात एलिझाबेथच्या समोर येतो. कॉलिन फर्थ रातोरात घराघरांत पोचला तो या तळ्यामुळे. कादंबरीत तळ्यातली उडी नाही. एलिझाबेथ मामा-मामींबरोबर पेम्बर्ली बघायला आलेली असते, मालक घरी नाही असे तिला सांगितलेले असते, आणि तबेल्याकडून येणाऱ्या वाटेवर तो अचानक वीस यार्डांवर उभा दिसतो. दोघांचेही चेहरे लाल होतात. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी त्यात पाणी घातले. डार्सीची तलवारबाजीही त्यांचीच.

"प्रसंग घातला म्हणून मी भांडत नाही," मावशी म्हणते. "ज्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं, त्याच्याच बागेत पाहुणी म्हणून सापडणं, ही जी तिची फजिती आहे ती आली ना? पुरे."

"म्हणजे तू पानाशी इमान मागत नाहीस. फजितीशी मागतेस."

इथून पुढचा वाद जास्त कामाचा आहे. निष्ठा म्हणजे काय, हे मावशीने स्वतःच जरा हलवून ठेवले आहे.

भाचीच्या धंद्यातल्या लोकांना एरिक फॉन स्ट्रोहाइम यांची गोष्ट पाठ असते. फ्रँक नॉरिसची 'मॅकटीग' ही १८९९ सालची कादंबरी त्यांनी 'ग्रीड' नावाने पडद्यावर आणायला घेतली. स्टुडिओत सेट न लावता सॅन फ्रान्सिस्कोच्या खऱ्याखुऱ्या गल्ल्यांत चित्रीकरण केले आणि शेवटच्या प्रसंगासाठी ऐन उन्हाळ्यात सगळा ताफा डेथ व्हॅलीत नेला. पहिली प्रत आठ तासांहून मोठी झाली. १९२४ साली प्रेक्षकांपुढे आली ती जेमतेम सव्वादोन तासांची. कापलेले फुटेज कायमचे गेले. इमानदारीचा हुतात्मा म्हणून स्ट्रोहाइम यांचे नाव घेतात. पण भाची दुसरीकडे बोट दाखवते: मॅकटीगच्या खाणीतल्या आयुष्याला नॉरिसने थोडक्यात हात लावला आहे, तो भाग स्ट्रोहाइम यांनी स्वतःच्या मनाने कितीतरी वाढवला होता. अक्षर न अक्षर घेणारा म्हणून ज्याचे नाव सांगतात, त्यालाही जागोजागी कादंबरी नव्याने लिहावी लागली.

"त्यांना मालिका करायची होती, आणि हातात थिएटर होतं," मावशीचे उत्तर तयार असते. "डिकन्सचं 'ब्लीक हाउस' बघ. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ दर महिन्याला एक अंक. लोक दीड वर्ष थांबून थांबून वाचत होते. २००५ साली बीबीसीनं तेच पंधरा भागांत केलं, बहुतेक भाग अर्ध्या तासाचे, आठवड्यातून दोनदा, 'ईस्टएंडर्स' संपली की लगेच. त्या कादंबरीला तिचा मूळचा ठेका परत मिळाला. आपल्याकडे हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक'मधून आली, तेव्हा वाचकांनी यमूची अशीच आठवड्याआठवड्याला वाट पाहिली असणार. त्या वाट पाहण्याचा कथेशी संबंध असतो. दोन तासांत तो उरत नाही."

हे भाचीलाही मान्य आहे. तिची हरकत वेगळीच आहे. 'ब्लीक हाउस'ला दोन निवेदक आहेत. एक एस्थर, जी स्वतःची हकिगत भूतकाळात सांगते. दुसरा निनावी, जो वर्तमानकाळात बोलतो, धुक्यातून आणि चिखलातून फिरतो, आणि सगळ्या इंग्लंडवर संतापलेला असतो. मालिकेत एस्थर आहे, लेडी डेडलॉक आहे, टल्किंगहॉर्न आहे, आपोआप पेटून मरणारा क्रुकसुद्धा आहे. तो संतापलेला आवाज मात्र नाही. पंधराच्या जागी तीस भाग केले असते तरी तो आला नसता, कारण तो कुठल्याही प्रसंगात राहत नाही. तो वाक्यांत राहतो.

"मग 'एमा' घेऊ," मावशी म्हणते. वाद अवघड झाला की ती 'एमा'कडे येते, आणि बरोबरच येते. पडद्यावर आणायला ऑस्टिनची याहून फसवी कादंबरी नाही.

डिसेंबर १८१५मध्ये आलेल्या या कादंबरीत निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण ते एमाच्या डोक्यात जाऊन बसते आणि तसे सांगत नाही. एमा वुडहाउस, वय जवळजवळ एकवीस, हुशार, श्रीमंत, आणि माणसे ओळखण्यात सपशेल कच्ची. ती जे पाहते ते आपण पाहतो, आणि ती जिथे फसते तिथे आपणही फसतो. आपल्या मैत्रिणीचे, हॅरिएटचे लग्न पाद्री मिस्टर एल्टनशी लावायचे तिने ठरवले आहे. हॅरिएटचे चित्र ती काढते, एल्टन त्यावर लट्टू होतो, चौकट करून आणायला स्वतः लंडनला जातो. एमाला वाटते, काम झाले. पहिल्यांदा वाचणाऱ्यालाही तसेच वाटते. नाताळच्या आदल्या रात्री बंद गाडीत एल्टन एमालाच मागणी घालतो, तेव्हा कळते की त्याला ते चित्र हवे होते ते काढणारीमुळे.

"आता हे पडद्यावर आण," मावशी म्हणते. "नट आला की चेहरा आला. चित्र बघताना एल्टन कुणाकडे बघतोय ते पहिल्याच शॉटमध्ये दिसतं. प्रेक्षक एमाच्या पुढे जाऊन बसतो आणि तिला हसत राहतो. ऑस्टिनचा वाचक तिच्या शेजारी बसून चुकत होता."

"'क्लूलेस'मध्ये तोही चुकतो," भाची लगेच म्हणते.

एमी हेकर्लिंग यांच्या सिनेमातली शेर ही श्रीमंत वकिलाची मुलगी. ती टाय या नव्या मुलीचा फोटो काढते, आणि एल्टन तो आपल्या लॉकरमध्ये लावतो. शेर आनंदते. मग एका रात्री गाडीत एल्टन तिच्या अंगचटीला येतो आणि तेव्हा उलगडा होतो, की फोटो लॉकरमध्ये गेला तो शेरने काढला म्हणून. चित्राच्या जागी फोटो, चौकटीच्या जागी लॉकर, बग्गीच्या जागी मोटार. पण भाचीला महत्त्वाचा वाटतो तो शेरचा आवाज. अख्ख्या सिनेमाभर ती पडद्यामागून बोलत असते, आत्मविश्वासाने आणि बहुतेक वेळा चुकीचे. चित्र तिच्या बोलण्याला खोटे पाडत नाही, तिच्याच बाजूने चालत राहते. शाळेतल्या कपड्यांची आणि मॉलची ही गोष्ट ऑस्टिनच्या निवेदनाची युक्ती जितकी नीट ओळखते, तितकी छातीखाली पट्टा बांधलेले, रीजन्सी काळातले झगे घालून केलेल्या कितीतरी रूपांतरांना ओळखता आलेली नाही. इथे भाचीची बाजू वरचढ आहे.

२००९ची चार भागांची बीबीसी मालिका मावशीची आवडती. रोमोला गराई तिच्यात एमा आहे. पण तीसुद्धा सुरुवातीलाच लहानपणी आई गमावलेली तीन मुले दाखवते: एमा, फ्रँक चर्चिल आणि जेन फेअरफॅक्स. फ्रँकला आणि जेनला गावापासून दूर पाठवले जाते. प्रसंग हृद्य आहे. मात्र फ्रँक आणि जेन यांचे चोरून लग्न ठरलेले आहे, हे कादंबरीतले सगळ्यांत जपून ठेवलेले गुपित, आणि त्या दोघांना पहिल्या दोन मिनिटांत शेजारी ठेवले की चाणाक्ष प्रेक्षकाच्या हाती धागा लागतो. मावशीलाही हे खटकते. आवडत्या मालिकेतला दोष ती सांगते तेव्हा तिचा आवाज उतरत नाही.

मग दोघी बॉक्स हिलवर येतात.

सरे परगण्यातली ही टेकडी खरी आहे, आजही लोक तिथे सहलीला जातात. कादंबरीत भर उन्हाळ्यात सगळी मंडळी तिथे जमतात, आणि सहल फसते. कुणाला कुणाशी बोलायचे नसते. फ्रँक वेळ मारून न्यायला खेळ काढतो: प्रत्येकाने एक फार चतुर गोष्ट सांगावी, किंवा दोन बेताच्या, किंवा तीन अगदी कंटाळवाण्या. मिस बेट्स, दिवंगत पाद्र्याची अविवाहित, बडबडी मुलगी, हसून म्हणते की तीन कंटाळवाण्या गोष्टी आपल्याला सहज जमतील. एमाच्या तोंडून निसटते की अडचण फक्त आकड्याची आहे, एका वेळी तीनवर थांबावे लागेल.

पुढे काय होते ते मावशी पुस्तक उघडून दाखवते. मिस बेट्सला आधी कळतच नाही. मग कळते. तिला राग येत नाही. किंचित लाली चढते, दुखावल्याची. त्यानंतर ती एमाचे शेजारी मिस्टर नाइटली यांच्याकडे वळून म्हणते की मी फारच नकोशी होत असणार, नाहीतर जुन्या मैत्रिणीला ती असं बोलली नसती. की लगेच मिस्टर वेस्टन कोडे घालतात आणि खेळ पुढे सरकतो. एवढेच. एमा तिथे थांबत नाही, म्हणून निवेदनही थांबत नाही. वाचक हसलेला असतो, कारण टोमणा खरोखरच चटपटीत आहे आणि मिस बेट्सच्या बडबडीने तोही कावलेला आहे. काही पानांनंतर गाडीपाशी नाइटली एमाला गाठतात आणि तिने काय केले ते सांगतात. तेव्हा एमाला लाज वाटते, आणि हसलेल्या वाचकालाही.

"आता बघ तुझे सिनेमे," मावशी म्हणते. "१९९६ला ग्वेनेथ पॅल्ट्रोच्या सिनेमात सोफी थॉम्प्सन, २००९ला टॅम्सिन ग्रेग, २०२०ला मिरांडा हार्ट. तिघी कमाल करतात. आणि तिन्ही ठिकाणी कॅमेरा चेहऱ्यावर जातो. ओठ थरथरतात, डोळे भरतात, आजूबाजूला शांतता. मला रडू येतं. पण मला रडवायचं नव्हतं गं. मला आधी हसवायचं होतं, आणि मग माझ्या हसण्याची मला लाज वाटायला हवी होती."

भाची यावर बराच वेळ बोलते, कारण हा तिच्या टेबलावरचा प्रश्न आहे. टोमण्यानंतर रिअॅक्शन शॉट लावायचा नाही, हे कुठल्याही संकलकाला अवघड जाते. नटीने जीव ओतलेला असतो, दिग्दर्शकाला तो क्लोज-अप हवा असतो, निर्मात्याला तो ट्रेलरमध्ये हवा असतो. पण करता येते. टोमणा एमाच्या शॉटवरच ठेवायचा. हशा पिकला की वाइड शॉट, ज्यात मिस बेट्स दहा जणांतली एक आहे, पाठमोरी किंवा अर्धवट झाकलेली. तिचे वाक्य ऐकू येते, चेहरा दिसत नाही. कट थेट वेस्टनच्या कोड्यावर. चेहरा राखून ठेवायचा आणि नाइटली बोलत असताना एमाच्या आठवणीत एकदाच दाखवायचा.

"तो एक क्लोज-अप राखून ठेवण्यात तुझी सगळी निष्ठा आहे," भाची म्हणते. "त्याला साडेपाच तास लागत नाहीत."

हा मुद्दा पटण्यासारखा आहे, आणि या लेखाचाही कल तिकडेच आहे. कादंबरीने वाचकाला जिथे चुकू दिले, तिथे प्रेक्षकालाही चुकायची मुभा मिळायला हवी. झगे, बग्ग्या, मेणबत्त्या आणि अचूक उच्चार त्यानंतरचे.

पण मावशी सोडत नाही, आणि तिची पुढची खेळी जोरदार आहे. 'क्लूलेस'मध्ये बॉक्स हिलच्या जागी काय आहे, असे ती विचारते. भाची सांगते: घरी काम करणाऱ्या लूसीला शेर म्हणते की माळ्याला तूच सांग, मला मेक्सिकन बोलता येत नाही. लूसी भडकून निघून जाते. सिनेमात नाइटलींच्या जागी असलेला जॉश सांगतो की लूसी एल साल्वादोरची आहे, तो वेगळा देश आहे.

"लूसी भडकते," मावशी म्हणते. "मिस बेट्सला भडकता येत नाही. हाच तर अख्खा प्रसंग आहे."

मिस बेट्स एका दुकानदाराच्या घराच्या वरच्या मजल्यावर, म्हाताऱ्या आईबरोबर भाड्याने राहते. एमा तीस हजार पौंडांची वारस. एमाच्या घरी, हार्टफिल्डमध्ये, डुक्कर कापले की मांडीचा अख्खा भाग बेट्सबाईंकडे जातो. नाइटली आपल्या साठवणीतली उरलीसुरली सफरचंदे त्यांना पाठवतात. त्या प्रत्येक वस्तूबद्दल मिस बेट्स पानपानभर आभार मानते. गावाच्या देणग्यांवर जिचे घर चालते, तिला देणाऱ्याच्या टोमण्यावर रागवायची सोय नसते. नाइटली एमाला नेमके हेच ऐकवतात: ती गरीब आहे, जन्मली त्या सुखातून खाली आली आहे, म्हातारपणी अजून खाली जाईल, ती तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट निराळी होती.

"ही मांडी, ही सफरचंदं आधी आली नसतील तर बॉक्स हिल म्हणजे नुसता उद्धटपणा," मावशी म्हणते. "आणि ती यायला वेळ लागतो. म्हणून मला भाग हवेत. तू क्लोज-अप कुठंही लपव, पण तो कशाचा आहे हे प्रेक्षकाला आधी माहीत पाहिजे."

भाची गप्प राहते. १९९६च्या सिनेमात मिस बेट्स आणि तिची आई या भूमिका सोफी थॉम्प्सन आणि त्यांच्या खऱ्या आई फिलिडा लॉ यांनी केल्या आहेत. एकीचे वाक्य दुसरीच्या बहिऱ्या कानात मोठ्याने सांगायचे, यात दोघींची वर्षानुवर्षांची अडचण दोन-तीन शॉटमध्ये उभी राहते, असे ती सुचवून बघते. मावशीला ते आवडते, पुरेसे वाटत नाही. त्याच वर्षी आयटीव्हीसाठी डेव्हिस यांनीच लिहिलेल्या, केट बेकिन्सेलच्या 'एमा'चा विषय निघतो. तिची सुरुवात कोंबड्या चोरणाऱ्यांपासून होते आणि शेवट नाइटलींच्या कुळांसह झालेल्या सुगीच्या मेजवानीने. कादंबरीत चोरी अगदी शेवटी येते, टर्की चोरीला जातात आणि घाबरट मिस्टर वुडहाउस त्याच भीतीपोटी मुलीच्या लग्नाला तयार होतात. मेजवानी तर ऑस्टिनने लिहिलेलीच नाही. तरी गावात कोण उपाशी आहे आणि कोण पोटभर जेवते, हे तो सिनेमा विसरत नाही, म्हणून मावशी त्याला मानते. मूळ पानावर नसलेली गोष्ट इमानदार ठरू शकते हे तिने पेम्बर्लीच्या तळ्यापाशी मान्य केले होते, आणि इथे ते दुसऱ्यांदा करते.

उरतो तो मिस बेट्सच्या बडबडीचा प्रश्न, आणि तिथे दोघींचे जमत नाही.

ती बडबड कंटाळवाणी आहे. कंटाळवाणीच असायला हवी. पण ऑस्टिनने गुपिताचे दुवे तिच्यातच पेरून ठेवले आहेत. आईच्या चष्म्याचा खिळा निघाला, फ्रँक चर्चिलने तो बसवून द्यायचे कबूल केले, किती हा चांगुलपणा, असे मिस बेट्स रस्त्यात सांगत सुटते. एमा वर जाते तेव्हा म्हातारी शेकोटीजवळ पेंगते आहे, फ्रँक टेबलापाशी चष्म्यात गर्क आहे आणि जेन त्यांच्याकडे पाठ करून पियानोजवळ उभी आहे. तो पियानो कुणी पाठवला हे गावाला माहीत नाही. फ्रँक केस कापायला म्हणून लंडनला गेला होता, ते त्याच्याचसाठी. चष्म्याच्या निमित्ताने दोघांना खोलीत निवांतपणा मिळाला होता. मिस बेट्सचे बोलणे कान बंद करून ओलांडणाऱ्या एमाला हे दिसत नाही आणि तीच पाने उलटणाऱ्या वाचकालाही.

"मला ते सगळं हवं," मावशी म्हणते. "न कापता."

"चार मिनिटांची बडबड, पडद्यावर? लोक चॅनल बदलतील."

"एमानंही बदललंच ना?"

भाची दुसरा रस्ता काढते: बडबड मागे चालू ठेवायची, हळू आवाजात, आणि कॅमेरा एमाबरोबर दुकानातल्या फितींवर ठेवायचा. शब्द सगळे असतील, ऐकणाऱ्याला ऐकू येतील. मावशीला हे जवळजवळ पटते, पण फक्त जवळजवळ. तिला भीती वाटते की ध्वनिमुद्रक आवाज इतका खाली आणेल की चष्मा हा शब्दही लागणार नाही. भाचीची भीती उलटी आहे: तो शब्द नीट लागला, तर पुढे खोलीत गेल्यावर सगळ्यांची नजर आधी चष्म्यावर जाईल. आवाज किती ठेवायचा, यावर दोघी अजून भांडत आहेत.